‘गीत : पारंपरिक’ असं छापू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

म्युझिक कंपनीनं तुझ्या गाण्यासाठी पाठवलेल्या कराराचं पीडीएफ मिळालं. सगळी पानं वाचली, काही दोनदा वाचली. “काका, एकच तर गाणं आहे, सही करून टाकू का?” असं तू विचारलंस. नको करूस, निदान या आठवड्यात तरी नको. कंपनी चोर आहे म्हणून म्हणत नाही. कागद कंपनीच्या वकिलानं कंपनीसाठी केलाय. तुझी बाजू त्यात तूच घालायची असते आणि ती अजून कुणी घातलेली नाही.

फोनवर तू सारखा ‘गाण्याचे राइट्स’ म्हणत होतास. तशी एकच वस्तू नसते. तुझे शब्द आणि तुझी चाल ही एक मालमत्ता, आणि गायिकेच्या आवाजात, ढोलकी-कीबोर्डसकट झालेलं रेकॉर्डिंग ही दुसरी. सातबारा एकाच्या नावावर आणि त्यावरचं घर दुसऱ्यानं बांधलेलं, असं गावात चालतंच की. लेबल, म्हणजे ही म्युझिक कंपनी, पैसा घालतं तो घरात: स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ, जाहिरात, सगळ्या अ‍ॅपवर गाणं चढवणं. त्या बदल्यात रेकॉर्डिंग त्यांचं झालं तर मला त्यात गैर वाटत नाही. पण तिसऱ्या पानावरचं चौथं कलम बघ. ध्वनिमुद्रण ‘आणि त्यातील शब्द व संगीत’ असं एका दमात लिहून टाकलंय. म्हणजे घराबरोबर जमीनही गेली, आणि मोबदल्याचा आकडा मात्र एकच.

पुढे लिहिलंय ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’. मंगळावर कुणी तुझं गाणं वाजवलं तरी हिशेब कंपनीचाच! हसू नकोस, हे असं लिहिण्यामागे कारण आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच गेले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. हक्क घेऊन कंपनी वर्षभर गप्प बसली तर ते तुझ्याकडे परत येतात, पण तेही करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. तुझ्या नवव्या कलमात बरोब्बर ते वेगळं लिहिलेलं आहे. ते कापायला सांग. सहा महिन्यांत गाणं बाहेर आलं नाही तर हक्क परत, एवढं एक वाक्य घालून घे. शब्द-चालीसाठी मुदत माग, दहा वर्षं म्हण. ते पंधरावर येतील. कायमस्वरूपीपेक्षा पंधरा बरी.

आता रॉयल्टी. १९७७ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सिनेमाच्या गाण्यांत निर्मात्याचं पारडं जड झालं आणि गीतकार-संगीतकार एकरकमी पाकिटावर राहिले. कॅसेटच्या काळात तर व्हाउचरवर सही केली की विषय संपायचा. २०१२ साली कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी तो लावून धरला होता. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. तो वारसाला देता येतो, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. बाकी कुणाला ‘दिला’ असं लिहिलं तरी ते टिकत नाही. त्यामुळे ‘लेखक सर्व रॉयल्टी माफ करतो’ हे वाक्य वाचून घाबरू नकोस, पण राहूही देऊ नकोस. कंपनीची कारकुनी तेच वाक्य दाखवून तुला दोन-तीन वर्षं फिरवेल.

ही वसुली करते ती आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी. ढोबळ वाटणी अशी: निम्मं हक्कधारक कंपनीचं, पाव गीतकाराचं, पाव संगीतकाराचं. तुझ्या बाबतीत दोन्ही पाव तुझेच. म्हणून सही करण्याआधी सभासद हो, नंतर नाही. सभासद होताना जे हक्क सोसायटीकडे जातात, त्याच्याविरुद्ध नंतर केलेला करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. कंपनीचा माणूस ‘ते नंतर बघू’ म्हणेल. ऐकू नकोस.

आणि आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. जोडपत्रात श्रेयनामावली आहे: ‘गीत : पारंपरिक’. तुझ्या आजीची जात्यावरची ओवी ध्रुवपदात आहे म्हणून कुणीतरी सोयीनं तसं टाकलंय. ओवी दोन ओळींची, ती खरंच कुणा एकाची नाही. पण तिन्ही अंतरे तुझे आहेत आणि चालही तुझी आहे. गीतच पारंपरिक म्हणून नोंदलं गेलं की गीतकार उरत नाही, आणि गीतकार नाही तर त्याचा पाव हिस्सा मागणारंही कुणी नाही. लोकगीतांच्या नावाखाली आपल्याकडे किती जणांचे अंतरे असे निनावी झाले असतील कोण जाणे. ‘ध्रुवपद : पारंपरिक ओवी, अंतरे व संगीत :’ आणि पुढे तुझं नाव, असं लिहून माग. आयपीआरएसकडे नोंदवतानाही तसंच. उद्या तुकोबांचा अभंग घेतलास तर शब्द सगळ्यांचे, चाल तुझी. तिथेही हाच नियम.

पैशांचं कलम थोडक्यात. तुला ५० हजार आगाऊ, व्हिडिओचा खर्च ३ लाख, आणि रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात तुझा वाटा २० टक्के. हे साडेतीन लाख वसूल कशातून होणार? तुझ्या कागदाप्रमाणे तुझ्या वाट्यातून. म्हणजे गाण्यानं साडेसतरा लाख कमावल्यावर तुला पुढचा रुपया दिसणार. एकूण उत्पन्नातून वसुली ठरली तर साडेतीन लाखांनंतर तुझे २० टक्के सुरू होतात. दोन-तीन शब्दांचा फरक आहे आणि कंपन्या यावर बोलतात, विचारलं तर. शब्द-चालीची रॉयल्टी मात्र या वसुलीत मिसळायची नाही, हे वेगळं लिहून घे. दर सहा महिन्यांनी हिशेब आणि तो तपासायचा अधिकारही माग.

‘पुढची पाच गाणी आधी आम्हालाच’ हे कलम सरळ काढायला सांग.

पब्लिशरचं, म्हणजे शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्याचं, विचारलं होतंस. आपल्याकडे बहुतेक वेळा लेबलच पब्लिशर होऊन बसतं. वेगळा पब्लिशर भेटला आणि परदेशातली वसुली करतो, जाहिरातीत-मालिकेत गाणं लावून देतो म्हणाला, तर टक्केवारीवर दोन-तीन वर्षं द्यायला हरकत नाही. मालकी मात्र तुझ्याकडे ठेव.

एक बारीक गोष्ट, जत्रेच्या कार्यक्रमांसाठी. रेकॉर्डिंग कंपनीच्या नावावर चढलं की तू मूळ ट्रॅकवर गायलेला व्हिडिओ टाकलास तरी यूट्यूबवर त्यांचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येतो. तुझ्या चॅनेलला सूट द्यायला सांग, मेलवर लेखी.

तुझ्या ढोलकीवाल्या मित्राचंही आत्ताच ठरव. नुसता वाजवून गेला असेल तर मानधन देऊन मोकळा हो. पण दुसऱ्या अंतऱ्याची चाल त्यानं सुचवली होती असं तूच मला सांगितलंस. तसं असेल तर संगीतात त्याचं नाव आणि टक्का, दोघांच्या सहीनं, कंपनीला उत्तर पाठवायच्या आधी. त्याच्याशी बोललास की फोन कर. शनिवारी दुपारनंतर मी घरी आहे.

तुझा,
काका