पेशीभेदी? फुटली काय पेशी?

फोंड्याहून एका शिक्षिकेने विचारलंय, पेशीच्या आत शिरून तिथल्या संदेशांत ढवळाढवळ करणाऱ्या पेप्टाइडांना (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना) 'पेशीभेदी' म्हटलं तर चालेल का, आणि मुळात पेप्टाइड हा शब्द आला कुठून.

नाही चालणार. हल्ली हे 'भेदी' जिथे तिथे ऐकतोय आणि डोकं फिरतं. भेदला म्हणजे फुटला, मग तो किल्ला असो की मडकं. इथे पेशी सहसा धडधाकट राहते आणि पाहुणा आत, म्हणून 'पेशीप्रवेशी' म्हणा. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनाला असं आत शिरता येतं हे १९८८ साली कळलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आणि दिसलं पेप्टाइड की लाव बिरुद असंही करू नका, इन्सुलिन पेशीच्या दारावर बाहेरूनच निरोप देतं. त्याउलट गांधीलमाशीच्या विषातलं मास्टोपॅरान, जेमतेम १४ अमिनो आम्लांचं, पण रिसेप्टरला, म्हणजे दारावर निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, न विचारता परस्पर आतली निरोप पुढे नेणारी जी-प्रोटीन्स चालू करतं!

आता खरी मजा. ग्रीकमध्ये 'पेप्तोस' म्हणजे शिजलेलं, पचलेलं. त्यावरून जठरातलं पेप्सिन (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेलं, १८३६), पेप्सिनने प्रथिनं पचवली की होतं ते पेप्टोन, आणि त्यावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १९०२ च्या सुमाराला केलं पेप्टाइड. हा 'पेप' म्हणजे आपल्या 'पच्'चा सख्खा भाऊ: पचन, पक्व, पिकणे, स्वयंपाक सगळे एका घरचे. भाऊ म्हटलं हां, मुलगा नाही. ग्रीकांनी संस्कृतातून उचलला म्हणणारे विद्वान आमच्याकडे दर व्याख्यानमालेत एक तरी भेटतात, त्यांना एवढंच विचारा की मग लॅटिनमध्ये त्याचा 'कोक्वेरे' कसा झाला? तिथे सुरुवातीच्या प चाच क झालाय, आणि तोच क पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यात उतरला, कोझिन्हेरू, म्हणजे आपला कुझनेर, स्वयंपाकी! लहानपणी शेजारच्या लग्नात एक कुझनेर यायचा, मोठ्या तोपातलं शीत बोटांत चिरडून बघायचा, मान हलवायचा आणि परत झाकण. त्या माणसाचं आणि पेप्टाइडचं आडनाव एकच, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बिस्किटसुद्धा त्यातलंच, 'दोनदा भाजलेलं'.

म्हणून मी तर म्हणतो पेप्टाइडला 'पाचिका' म्हणावं. पाचक चूर्णासारखं वाटतं अशी तक्रार एका परिभाषावाल्या गृहस्थांनी केली, त्यांना चूर्णाची गरज असावी. शिवाय नाव किती चपखल बसतं बघा, पेशीत शिरायला निघालेली यातली बरीचशी एन्डोसोम नावाच्या पिशवीतच अडकतात आणि शेवटी तिथेच पचून जातात!

हां, बाई, लिंग राहिलं. मी नपुंसकलिंगी वापरतो, ते पेप्टाइड, ती पेप्टाइडं. 'पाचिका' घेतलीत तर अर्थात ती पाचिका.