वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी व्हिसावरील मुलाच्या पगारातून ‘फिका’ कापावा का?

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्ट २०२२मध्ये ‘एफ-१’ व्हिसावर एमएस करण्यासाठी अमेरिकेला गेला. १६ जुलै २०२४पासून तो ओपीटीवर (शिक्षणाला धरून काम करण्याची तात्पुरती परवानगी) नोकरी करतो आणि आता त्याला स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, शाखेची २४ महिन्यांची मुदतवाढही मिळाली आहे. पगार वर्षाला ७२,००० डॉलर, महिन्यातून दोनदा जमा होतो. दर वेळी सोशल सिक्युरिटीचे १८६ आणि मेडिकेअरचे ४३.५० डॉलर कापले जातात. त्याच्याच वर्गातला, दुसऱ्या कंपनीत काम करणारा मित्र सांगतो की त्याच्या पगारातून या दोन्हींसाठी काहीच कापत नाहीत. मुलगा म्हणतो, “पगार विभाग चुकेल कशाला?” नातेवाईक म्हणतात, विचारायला गेलात तर व्हिसावर बालंट यायचे. शिवाय डिसेंबरमध्ये पुण्यात त्याचे लग्न आहे. नंतर फॉर्मवर ‘विवाहित’ लिहिले तर कर कमी कापला जाईल का?
— एक निवृत्त शिक्षिका, कर्वेनगर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आपण दिलेली माहिती पूर्ण असेल, तर या दोन्ही रकमा मुलाच्या पगारातून कापल्या जायला नको होत्या, आणि आजवर कापलेले पैसे परत मागण्याचा त्याला अधिकार आहे.

आधी या कपातीचे स्वरूप पाहू. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के मिळून ७.६५ टक्क्यांच्या कपातीला तिकडे ‘फिका’ म्हणतात. हा प्राप्तिकर नव्हे. प्राप्तिकर वेगळा कापला जातो आणि तो मुलाला भरावाच लागेल. अमेरिकी कायद्यानुसार एफ, जे, एम किंवा क्यू वर्गाच्या व्हिसावर असलेली आणि करासाठी ‘अनिवासी’ ठरणारी व्यक्ती त्या व्हिसाच्या हेतूला धरून काम करत असेल, तर तिच्या पगाराला फिका लागू होत नाही. ओपीटी म्हणजे निराळा व्हिसा नव्हे; ती एफ-१चीच पुढची पायरी आहे. अभ्यासक्रम संपला, पदवी हातात आली, तरी दर्जा विद्यार्थ्याचाच राहतो. बहुतेक घोटाळा इथेच होतो, कारण ‘पूर्ण वेळ नोकरी करणारा विद्यार्थी’ ही गोष्ट पगाराचा हिशेब ठेवणाऱ्याला चटकन पटत नाही.

आता ‘अनिवासी’ म्हणजे कोण, ते पाहावे लागेल, कारण सारे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. एरवी अमेरिकेत राहिलेल्या दिवसांची मोजणी करून, म्हणजे चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश धरून, बेरीज १८३पर्यंत गेली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस झाले, की माणूस करासाठी निवासी ठरतो. एफ-१ विद्यार्थ्याला मात्र पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांसाठी या मोजणीतून वगळले जाते. कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि त्यातला एक दिवस जरी तिथे काढला तरी ते वर्ष पूर्ण धरतात. आपल्या मुलाची पाच वर्षे म्हणजे २०२२, २०२३, २०२४, २०२५ आणि २०२६. म्हणून ३१ डिसेंबर २०२६पर्यंत, तो एफ-१वरच असेल तर, फिका लागू नाही. याआधी कधी शाळेच्या उपक्रमासाठी तो जे-१वर (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) तिकडे गेला होता का, एवढे मात्र विचारून घ्या, कारण ती वर्षेही मोजणीत येऊ शकतात. २८ डिसेंबरला विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याचे, चार दिवसांसाठी का होईना, एक पूर्ण वर्ष खर्ची पडते. तसेच बारावीनंतर थेट पदवीसाठी गेलेल्यांची पाच वर्षे ओपीटीच्या मध्येच संपतात आणि त्यांची फिका कपात त्यानंतर योग्यच ठरते. त्यामुळे मित्राचे कापत नाहीत म्हणून आपलेही कापू नये, असा हिशेब करू नका. दोघांच्या तारखा पाहा.

मुलाच्या म्हणण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पगार विभाग चुकतो, आणि या बाबतीत वारंवार चुकतो. नोकरीवर घेताना कंपनी फक्त काम करण्याची परवानगी तपासते. ओपीटीच्या परवानापत्रावर ‘सी०३बी’ आणि स्टेम मुदतवाढीच्या पत्रावर ‘सी०३सी’ असा वर्ग छापलेला असतो, पण तो पाहून फिकाची सूट लावायची हे कुणी तरी ठरवावे लागते. ते कुणी ठरवले नाही, तर प्रणाली सर्वांना लागू असलेली कपात करत राहते. शिवाय कापायला हवे होते आणि कापले नाही, तर जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून शंका असली की कापून मोकळे होण्याकडे कल असतो. पण मुलाने एक गोष्ट विसरू नये : जेवढा फिका त्याच्याकडून कापला जातो, तेवढाच कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. वर्षाला त्याचे ५,५०८ डॉलर, तसे कंपनीचेही ५,५०८. चूक दुरुस्त झाली, तर दोघांचाही पैसा वाचतो. त्यामुळे तक्रारीच्या सुरात न लिहिता, व्हिसा, आय-२० (विद्यापीठाचे प्रवेशपत्रक), आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) आणि परवानापत्राच्या प्रती जोडून आणि पहिल्या प्रवेशाची तारीख देऊन साधे पत्र लिहावे : “मी एफ-१ दर्जावर असून करासाठी अनिवासी आहे, कृपया फिका कपात थांबवावी आणि आधीची रक्कम परत करावी.”

कंपनीने मानले, तर ती ‘९४१-एक्स’ या फॉर्मवर आपली तिमाही विवरणपत्रे दुरुस्त करते, मुलाला पैसे देते आणि ‘डब्ल्यू-२सी’ हे सुधारित वार्षिक पत्रक देते. मागील वर्षासाठी ती त्याच्याकडून, ‘हा परतावा मी दुसरीकडे मागितलेला नाही आणि मागणारही नाही’, असे लेखी घेईल. तसे द्यायला हरकत नाही. कंपनीने नकार दिला, तर तो नकार लेखी घ्यावा आणि मुलाने अमेरिकेच्या महसूल खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, ‘८४३’ आणि ‘८३१६’ हे फॉर्म डब्ल्यू-२च्या (कंपनी देते ते पगार आणि कपातीचे वार्षिक पत्रक) प्रतीसह पाठवावेत. त्याच्या डब्ल्यू-२मधील चौथ्या आणि सहाव्या चौकटीत कापलेला आकडा सापडेल. २०२४मध्ये ११ पगार झाले असतील, तर दोन्ही मिळून तो २,५२४.५० डॉलर असायला हवा. हे पैसे वार्षिक प्राप्तिकर विवरणपत्रातून परत मिळत नाहीत, त्यासाठी हा वेगळाच मार्ग आहे. २०२४च्या रकमेसाठी अर्जाची मुदत साधारण १५ एप्रिल २०२८पर्यंत आहे. तरी तोवर थांबायचे काही कारण नाही.

दावा करण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. त्याने २०२४चे विवरणपत्र अनिवासींसाठीच्या ‘१०४०-एनआर’वर भरले आहे का? अनेक मुले घाईत निवासी लोकांचा ‘१०४०’ भरून टाकतात. तसे झाले असेल, तर एकीकडे आपण निवासी आहोत असे सही करून सांगायचे आणि दुसरीकडे अनिवासी म्हणून परतावा मागायचा, असे होईल; म्हणून आधी ‘१०४०-एक्स’ने दुरुस्ती करावी. दिवसांच्या मोजणीतून वगळल्याचे सांगणारा ‘८८४३’ हा फॉर्मही जोडलेला असावा.

परतावा मागणे हा कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि त्यातून एफ-१ दर्जाला बाधा येत नाही. नातेवाइकांच्या भीतीमुळे गप्प बसू नका. महिन्याला ४५९ डॉलर म्हणजे आपल्याकडचे चाळीस हजारांच्या घरातले रुपये. शिक्षणकर्ज फेडणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही, आणि ती मुलाच्या कष्टाची आहे.

लग्नाविषयी : अनिवासी व्यक्तीने पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या ‘डब्ल्यू-४’ या फॉर्मवर लग्न झालेले असले तरी ‘अविवाहित किंवा स्वतंत्र विवरणपत्र भरणारी विवाहित व्यक्ती’ हीच चौकट निवडायची असते आणि आपण अनिवासी असल्याचे त्यावर लिहायचे असते. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९८९च्या करारातील कलम २१(२)मुळे भारतीय विद्यार्थ्याला ठोक वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. म्हणून प्राप्तिकराची कपात मोजताना इतर अनिवासींच्या पगारात जी रक्कम वाढवून धरतात, ती त्यांना लावायची नसते. हेही त्याने पगार विभागाला सांगावे.

पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, तर दर्जा बदलल्याच्या दिवसापासून फिका लागू होतो. त्या दिवसापासून झालेली कपात चूक समजू नये.

प्रश्न : माझ्या पतीला हिंजवडीतील कंपनीने एल-१ व्हिसावर तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवले आहे. तीन वर्षांनी परत यायचेच आहे, तर फिका का भरायचा? इथे त्यांचा भविष्य निर्वाह निधीही चालू आहे.
— एक वाचक, बाणेर

उत्तर : एल-१ला वर सांगितलेली सूट नाही. भारताने जर्मनी, नेदरलँड्स अशा काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. त्यांच्याकडे पाठवलेला कर्मचारी मायदेशात वर्गणी भरत असल्याचे प्रमाणपत्र दाखवून तिथली दुहेरी वर्गणी टाळू शकतो. अमेरिकेशी असा करार झालेला नाही. म्हणून दोन्हीकडे भरावे लागते आणि परत येताना तिकडची रक्कम हाती मिळत नाही. तिकडच्या निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. तीन वर्षांत साधारण १२ होतील. ती त्यांच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर नोंदलेली राहतात आणि पुढे पुन्हा तिकडे काम केले, तर त्यांतच भर पडते. म्हणून तो क्रमांक आणि प्रत्येक वर्षाचा डब्ल्यू-२ परत येताना सोबत आणायला सांगा.