माळवदाचं घर पाडायचं का?

प्रश्न : निलंगा तालुक्यात आमचं आजोबांच्या काळचं दगडमातीचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. किल्लारीच्या भूकंपात भिंतींना तडे गेले, पण घर उभं राहिलं. आता मुलगा म्हणतो, दगडाचं घर म्हणजे मरण, पाडून स्लॅबचं बांधू. आईचा मात्र त्या घरात जीव आहे. दगडाची घरं खरंच इतकी वाईट असतात का? आणि आपल्या भागात भूकंप झालाच कसा? पुन्हा होईल का?
– एक वाचक, निलंगा

उत्तर : तुमच्या मुलाची भीती मी समजू शकतो. किल्लारीनंतर औसा-उमरगा भागातल्या घरदुरुस्तीच्या कामावर मी अभियंता म्हणून होतो. पडलेल्या भिंती पाहिल्यावर दगडाकडे पाहवत नसे. तरीही घर पाडण्याआधी माझं म्हणणं ऐका.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक घरात गाढ झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. तीव्रता 6.2 च्या आसपास. सरकारी आकडे वेगवेगळे सापडतात, पण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. 1999 मध्ये उत्तराखंडातल्या चमोलीला याहून मोठा भूकंप झाला, तिथे सुमारे शंभर. हा फरक मला आजही स्वस्थ बसू देत नाही. पहाटेची वेळ आणि भूकंपाची कमी खोली ही कारणं आहेतच, पण घरं कशी बांधली होती, हे मोठं कारण.

तुमच्या भिंतीची जाडी मोजा, दोन-अडीच फूट भरेल. बाहेरून ती एकसंध दिसते. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असतात, एक बाहेरच्या दगडांचा, एक आतल्या, आणि मध्ये चिपा नि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड गवंड्यांनी घातलेले नसले, तर हादरा बसताच भिंत मधून फुगते आणि पदर सुटतात. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आपण त्यावर माती टाकतो, जुनी मात्र कोणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती साचली, तर ते ओझं सहा-सात टनांच्या घरात जातं. त्या रात्री झोपलेल्यांच्या डोक्यावर हे होतं.

आणि एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. माळवद लाकडी खांब-तुळयांवर पेललेलं होतं अशा कित्येक घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडाचा सांगाडा छतासकट उभा राहिला. आजोबांच्या वेळचं सागवान असेल तर ते तुमचं बळ आहे.

आता भूकंप कसा झाला. भारताचा भूभाग वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो ताण द्वीपकल्पाच्या पोटातही साचतो. किल्लारीत नंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने छिद्र घेतलं, तेव्हा काळ्या बेसॉल्टची जाडी साडेतीनशे मीटरच्या आतच निघाली, त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. त्या जुन्या खडकातला एक कमकुवत पट्टा ताण न सोसून सरकला, एक बाजू दुसरीवर चढली. किल्लारीजवळच्या माकणी धरणाच्या पाण्यावर काही शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं, इतरांना ते पटलं नाही. कोयनेचं तसं नाही. तिथे 1967 च्या भूकंपापासून जलाशय आणि हादरे यांचं नातं चांगलंच अभ्यासलं गेलं आहे.

1993 पर्यंत हा परिसर देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी किल्लारीत हादरे बसले होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, तरी नकाशा तसाच राहिला. 2002 मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. पुन्हा कधी होईल, हे जगात कोणी सांगू शकत नाही. तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. होऊ शकतो, असं धरूनच घर बांधायचं.

दगडाच्या भीतीने आपण काय गमावलं, तेही सांगतो. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली, रुंद सरळ रस्ते आले. सुरक्षितता आली, हे मी मनापासून मान्य करतो. पण वाडा, गोठा, ओसरी, गल्लीतली शेजारीण हे सगळं त्या आखणीत बसलं नाही. जागच्या जागी दुरुस्तीची योजनाही होती, लाखाच्या वर घरं तीत आली. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून पुढे आल्या. बांधकामातल्या खाचाखोचा त्यांनी घराघरांत पोचवल्या. ते काम मला नव्या वसाहतींपेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला दुरुस्तीचा आहे, अर्थात भिंती फुगलेल्या नसतील आणि लाकूड कुजलेलं नसेल तर. आधी माळवदावरची माती उतरवा, सहा-आठ इंचांवर आणा, गळतीसाठी प्लास्टिकचा जाड कागद घाला. भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून घ्या. हे एकेक करूनच, घाईने सगळी भोकं एकदम पाडू नका. दारा-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारी सलग पट्टी घरभर फिरवा. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेकू द्या. दुरुस्तीचा अनुभव असलेला अभियंता आधी घर पाहून जाऊ दे.

स्लॅबचंच बांधायचं ठरलं, तर मुलाने साइटवर उभं राहून खांबातल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवतीची कडी पाहावीत. तुळईच्या सांध्याजवळ त्या रिंगा एकमेकींपासून चार इंचांपेक्षा लांब नकोत आणि त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत. भुजमध्ये 2001 साली आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीही पडल्या. खाली दुकानांसाठी मोकळा मजला ठेवण्याचा मोह टाळा. आणि काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात त्याहून जास्त.