एक्स-रेत 'गॅप कमी झालाय' म्हणतात, मग व्यायामाने गुडघा आणखी झिजणार नाही का?

तुम्ही विचारलंय: आईंचं वय ६१, गुडघा दुखतो, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, आणि शेजारच्या काकूंचं म्हणणं, 'झिजलेल्या गुडघ्याला आणखी कशाला रगडायचं?' मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंचं हे वाक्य मला नवीन नाही.

एक्स-रेतला 'गॅप' म्हणजे सांध्यातल्या दोन हाडांमधली जागा; हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, झिजली की ती कमी दिसते. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि त्यासाठी गुडघ्यावर भार पडायला आणि निघायला लागतो. गुडघा जपत बसलं की आधी वाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. पायरी उतरताना भार झेलायचं काम त्याचंच, त्यामुळे तो ढिला पडला की सगळं सांध्यावर येतं. बायकांना पाळी गेल्यानंतर हा त्रास जास्त होतो, शिवाय मुळात मांडीत ताकद कमी.

'मी रोज चालते की!' असं आई म्हणतील. चालू दे. पण नुसत्या चालण्याने मांडीत फारशी ताकद येत नाही. मी एकच व्यायाम सांगायचा म्हटलं तर खुर्चीतून उठबस सांगेन. न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवा. आईंना पुढे सरकून बसू दे, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकून उठायचं, जमेल तर हाताचा आधार न घेता. बसताना मनात चार आकडे मोजत, हळूहळू. बहुतेक जणी शेवटच्या वीतभर अंतरात अंग सोडून धपकन बसतात, आणि मांडीला खरी मेहनत तिथेच असते. गुडघे एकमेकांकडे झुकताहेत का, हे तुम्ही समोर उभं राहून बघा. जड जात असेल तर खाली जाड उशी ठेवा, सोपं वाटू लागलं की काढा. आठ-दहा वेळा, अशा दोन फेऱ्या, एक दिवसाआड. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की चालताना डुलणं कमी होतं.

तोलाचं मात्र कुणी विचारतच नाही. गुडघा दुखणारी बाई पाय नीट टाकत नाही, आणि ओल्या न्हाणीघरात पडते. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून एका पायावर उभं राहायचं. मग एकच हात, मग नुसती बोटं टेकवून. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढं सहज होतं. डोळे मिटून करायच्या फंदात मात्र पडू नका, आणि पायात मोजे नकोत.

थोडं दुखेल. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा-खुब्याच्या रुग्णांसाठी एक व्यायाम कार्यक्रम चालतो, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. तिथला नियम मीही वापरते: शून्य ते दहाच्या मापात दुखणं पाचापर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी ते पूर्वीइतकं खाली यायला हवं. आलं नाही, तर व्यायाम बंद न करता फेऱ्या कमी करा. फरक जाणवायला दीड-दोन महिने धरा. लोक दुसऱ्या आठवड्यातच सोडतात.

वजन जास्त असेल तर तेही बघा. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला. नी कॅपने बरं वाटत असेल तर बाहेर जाताना घालू दे, पण ताकद त्याने येत नाही. उकिडवं बसणं सध्या टाळा, कमोड असेल तर तोच वापरा.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर यातलं काही करू नका, आधी डॉक्टरांकडे जा. आणि आईंना चक्कर येत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर पहिले काही दिवस जवळच्या फिजिओकडून समोर करून घ्या.