खाडीत मासेमारीसाठी 15 फुटी ॲल्युमिनियमची होडी करायची आहे. पत्रा कोणता घ्यावा आणि वेल्डिंगला ती वाकते ते कसं टाळावं?

तुमचा प्रश्न असा: मालवणच्या बाजूला खाडीत तिघांनी जाळं घेऊन जाण्याजोगी होडी हवी आहे, आणि फॅब्रिकेटर म्हणतो, ‘दोन एमएमचा साधा पत्रा चालेल, गेटसारखं वेल्डिंग करून देतो.’ माझं स्पष्ट उत्तर: साधा पत्रा चालणार नाही, दोन एमएम तर नाहीच. गेटसारखं वेल्डिंगही नको. लोखंडाची सवय झालेला हात ॲल्युमिनियमवर तीन ठिकाणी फसतो: धातूची निवड, उष्णता आणि शेजारी ठेवलेले इतर धातू.

आधी धातू. छपराचा किंवा भांड्यांचा पत्रा मऊ असतो. तळाला आणि बाजूंना 5083 नंबरचा मिश्रधातू घ्या, एच116 किंवा एच321 टेम्परचा (टेम्पर म्हणजे पत्रा कारखान्यात किती कडक केला आहे ते). तो मिळाला नाही तर बाजूंना 5052-एच32 चालेल. अँगल, पाइप आणि चॅनलसाठी 6082-टी6. दुकानदार त्यालाच जुन्या नावाने एचई 30 म्हणतात. एचई 9 म्हणजे 6063, खिडक्यांचं सेक्शन. त्याची ताकद कमी, म्हणून ते सांगाड्यात घालू नका. भंगारातला ड्युरल तर मुळीच नको, त्यात तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात तो झपाट्याने झडतो. पत्र्याबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, कारण नुसतं बघून ग्रेड ओळखता येत नाही.

मापं मी अशी धरेन: लांबी 4.5 मीटर, तळाची रुंदी चाइनपाशी 1.35 मीटर, वरची रुंदी 1.8 मीटर, बाजूची उंची 60 सें.मी. (चाइन म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड.) तळाचा व्ही, म्हणजे कण्यापासून चाइनपर्यंतचा चढ, मागे 12 अंश ठेवा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वाढवत न्या. तळाला 4 एमएम, बाजूंना 3 एमएम, मागच्या सपाट ट्रान्समला 5 एमएम. 4 एमएमचा पत्रा चौरस मीटरला 10.6 किलो भरतो, 3 एमएमचा 8 किलो. तळ साडेपाच चौ.मी. म्हणजे 58 किलो, दोन्ही बाजू मिळून 44, ट्रान्सम 11 आणि सांगाडा, बाकं, फळ्या मिळून सुमारे 60. म्हणजे रिकामी होडी 170 ते 180 किलोच्या आसपास. इंजिन, तीन माणसं, इंधन, जाळं, बर्फ आणि मासळी धरून भार 600 किलोच्या वर जातो. या आकाराची होडी भार घेऊन तरंगत असताना आणखी एक सेंटिमीटर बुडायला साधारण 40 किलो लागतात. मासळीचे क्रेट किती घ्यायचे हे या आकड्यावरून ठरवा आणि ते मध्यावरच ठेवा.

पत्रा एका वेळी एकाच दिशेने वळतो, कागदासारखा. वाडग्यासारखा दोन्हीकडे फुगवटा ठोकून आणायला गेलात तर तो लाटा मारतो. म्हणून 1:10 मापाचं जाड पुठ्ठ्याचं मॉडेल आधी करा. पुठ्ठा चुरगळल्याशिवाय बसला तर पत्राही बसेल. मग 3 एमएम प्लायचे पूर्ण मापाचे साचे कापा आणि त्यावरून पत्रा आखा. आखायला मार्कर वापरा, सुईने रेघ ओढू नका. तिथूनच पुढे तडा जातो.

सांगाड्यात मधोमध 50 × 10 एमएमची पट्टी कण्याला. तिच्या दोन्ही बाजूंना तळावर लांबीच्या दिशेने 40 × 40 × 4 चे अँगल, एकमेकांपासून 25 सें.मी. वर. आडव्या फ्रेम दर 60 सें.मी. ला, पण त्या अँगलवर बसवा, तळाच्या पत्र्याला थेट वेल्ड करू नका. फ्रेम पत्र्याला चिकटली की लाटेचा प्रत्येक दणका त्याच रेषेवर पडतो आणि पत्रा तिथेच फाटतो. पाण्याच्या वाटेत जे आडवं येईल त्याला खाली 25 एमएमची अर्धगोल खाच सोडा, नाहीतर पाणी कप्प्याकप्प्यांत साचून राहतं.

ट्रान्समबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बऱ्याच होड्या तिथूनच तडकतात. इंजिनाचं वजन आणि ढकल दोन्ही त्या एका पत्र्यावर येतात. वर 50 × 50 ची चौकोनी ट्यूब आणि खाली तळाच्या अँगलवर टेकणारे दोन त्रिकोणी टेकू द्या. टेकूचं टोक पत्र्याच्या मधोमध संपवू नका, ते अँगलवरच निमुळतं होत संपू द्या. इंजिन लाँग शाफ्टचं, म्हणजे लांब दांड्याचं घ्या, त्याला ट्रान्समची उंची 508 एमएम लागते. शॉर्ट शाफ्टला 381 एमएम असते, ट्रान्सम तेवढा बुटका कापला की मागची लाट आत येते. आधाराला प्लाय घालायचा झाल्यास तांब्याच्या रसायनाने मुरवलेला नसल्याची खात्री करा. ओल्या पत्र्याला तो आतून खातो.

आता वेल्डिंग. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर सुमारे 2050 अंशांना वितळतो, धातू मात्र 640 च्या आतच. थर राहिला तर वरून सुंदर दिसणारा वेल्डचा टाका आत धरलेलाच नसतो. आधी ॲसिटोनने तेल पुसा, मगच स्टीलच्या ब्रशने घासा. क्रम उलटला तर तेल आत रगडलं जातं. ब्रश स्टेनलेसचा, आणि लोखंडाला कधी न लावलेला. वेल्डिंगची भरणीची वायर 5356 किंवा 5183. 5083 वर 4043 वापरली की सांधा ठिसूळ होतो. गॅस शुद्ध आर्गॉन, मिनिटाला 15 ते 20 लिटर. मिगला (वायर आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंगला) स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ हातातच असलेली गन, लागतेच, मऊ वायर लांब केबलमधून ढकलली की गुंता होतो. हवेतला दमटपणा टाक्यात छिद्रं पाडतो. म्हणून कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नका.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीने प्रसरण पावतं, शिवाय गरम झालं तरी लाल दिसत नाही. वाकण्याचं मूळ इथे आहे. होडी उलटी, भक्कम चौकटीवर बांधून ठेवा. अख्खी होडी दर 60-70 एमएमला टॅक करा, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके देऊन तात्पुरती जोडा. सगळं टॅक होऊन मापं तपासल्याशिवाय एकही पूर्ण टाका नको. मग मध्यापासून टोकांकडे सरका: 100-150 एमएम डावीकडे, तेवढंच उजवीकडे. प्रत्येक तुकडा मागे जाणारा, म्हणजे नवा टाका आधीच्या टाक्याच्या सुरुवातीपाशी संपला पाहिजे. आतले अँगल सलग वेल्ड करू नका, 50 एमएम टाका आणि 100 एमएम मोकळं पुरतं. चाइन आणि कणा मात्र आतून-बाहेरून सलग. दुसऱ्या बाजूने वेल्ड करण्याआधी कार्बाइडच्या कटरने खरा धातू दिसेपर्यंत खाच काढा. टाका संपवताना 15 एमएम मागे येऊन खड्डा भरा, नाहीतर थंड होताना तिथे चांदणीसारखी चीर पडते. 6082 ची ताकद वेल्डच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात जवळजवळ निम्मी होते, म्हणून जास्त ताणाच्या जागी सांधा आणूच नका.

गळती तपासायला सांध्यांवर बाहेरून पाण्यात कालवलेला खडू फासा आणि आतून डिझेल लावा. अर्ध्या तासात जिथे पांढऱ्यावर काळसर डाग उमटेल तिथे भोक आहे. ती जागा खोदून, डिझेल पूर्ण पुसून पुन्हा वेल्ड करा, वरून थर चढवू नका.

मगच बाकांखाली फोम. बंद पेशींचा (पाणी न शोषणारा), किमान 0.3 घनमीटर, म्हणजे पाणी भरलं तरी होडी, इंजिन आणि कडेला धरून राहिलेली माणसं तरतील. थर्मोकोल नको, पेट्रोलने विरघळतो.

समुद्रात जाण्याआधीचं शेवटचं काम परक्या धातूंचं. तांब्याचा अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग, पितळी कॉक, तळाशी पडलेलं नाणं, आणि खास तुमच्यासाठी, जाळ्याचं शिसं: ओल्या तळावर यातलं काहीही राहिलं की पत्र्यात खड्डे पडतात. जाळं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा. स्टेनलेसच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला. बॅटरीची निगेटिव्ह तार होडीच्या अंगाला जोडू नका, दोन्ही तारा स्वतंत्र ओढा. खाडीचं पाणी निमखारं असतं, तिथे जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचे ॲनोड (होडीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) चांगलं काम करतात. दोन ट्रान्समवर लावा, त्यांच्यावर रंग मारू नका, आणि अर्धे झिजले की बदला.