व्हॉइसमेलचा बॅकअप: नुसता स्पूल फोल्डर पुरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅस्टेरिस्कवर (ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर) फ्रीपीबीएक्स (ते ब्राउझरमधून सांभाळायची सोय) आहे, ऐंशीच्या आसपास एक्सटेन्शन (आतले फोन क्रमांक) आहेत, रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आरसिंक (फाइल कॉपी करणारं साधन) चालून व्हॉइसमेलचा स्पूल फोल्डर (निरोप साठतात तो) दुसऱ्या सर्व्हरवर जातो. एवढ्यावर भागेल का, आणि रोजच्या देखभालीला कोणती साधनं वापरावीत? भागणार नाही. पण आहे ते मोडायचीही गरज नाही, त्यात भर घालायची आहे.

त्या फोल्डरमध्ये काय असतं ते आधी बघा. प्रत्येक व्हॉइसमेल पेटीचा एक उपफोल्डर, त्यात नवे निरोप 'इनबॉक्स'मध्ये आणि ऐकून झालेले 'ओल्ड'मध्ये. शिवाय त्या माणसाने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली ग्रीटिंग्ज. आता काय नसतं ते बघा. पेट्यांची यादी, ईमेल पत्ते आणि पिन हे सगळं व्हॉइसमेल.कॉन्फ या फाइलमध्ये असतं आणि ती स्पूलमध्ये नसते. कोणी फोनवरून पिन बदलला, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तो याच फाइलमध्ये लिहिला जातो. म्हणून कॉन्फिगरेशनची प्रत एकदा काढून ठेवली की झालं, असं धरून चालू नका. सहा महिन्यांपूर्वीची फाइल परत टाकलीत तर लोकांचे सहा महिन्यांपूर्वीचे पिन परत येतील आणि सकाळी सगळा मजला तुम्हाला शोधत येईल. 'विक्रीसाठी एक दाबा' वगैरे आयव्हीआरची (फोन लागल्यावर पर्याय सांगणाऱ्या मेनूची) रेकॉर्डिंग्ज साउंड्सच्या फोल्डरमध्ये असतात. एक्सटेन्शन, रिंग ग्रुप (एकत्र वाजणारे फोन), इनबाउंड राउट (बाहेरून आलेला कॉल कुठे जाणार ते) हे डेटाबेसमध्ये. हे चारही एकाच रात्रीचे हवेत.

यात मी सगळ्यात जास्त जपतो ती रेकॉर्डिंग्ज. निरोप गेला तर फोन करणारा बहुधा पुन्हा फोन करतो. पण मुख्य नंबरची घोषणा, सुट्टीच्या दिवशीची घोषणा, प्रत्येक विभागाचं ग्रीटिंग हे कोणीतरी वेळ काढून, शब्द मंजूर करून घेऊन रेकॉर्ड केलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असला तर तो आवाज पुन्हा मिळत नाही. ही रेकॉर्डिंग्ज क्वचित बदलतात, म्हणून त्यांची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा आणि प्रत्येक घोषणेचा मजकूरही लिहून ठेवा.

आता तुमच्या आरसिंककडे. त्यात 'डिलीट'चा पर्याय चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ, दुपारी कोणी चुकून निरोप पुसला तर रात्री तुमच्या प्रतीतूनही तो जातो. ही मिरर झाली, बॅकअप नव्हे. त्याऐवजी रोज तारखेचा नवा फोल्डर करा आणि आरसिंकचा 'लिंक-डेस्ट' पर्याय वापरा, म्हणजे न बदललेल्या फाइल पुन्हा जागा खात नाहीत. वेळ पहाटेची ठेवा. कारण पेटी ऐकून फोन ठेवला की अ‍ॅस्टेरिस्क ऐकलेले निरोप 'ओल्ड'मध्ये हलवतो, पुसलेले काढतो आणि उरलेल्यांना शून्यापासून पुन्हा क्रमांक देतो. नेमकी त्याच क्षणी कॉपी चालू असेल तर एका निरोपाचा आवाज आणि दुसऱ्याची माहिती अशी जोडी पडू शकते.

याच कारणाने जुना निरोप शोधताना फाइलच्या क्रमांकावर विसंबू नका. काल तीन नंबरवर असलेला आज एकवर असू शकतो. प्रत्येक निरोपाच्या ऑडिओशेजारी त्याच नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते. ती उघडली की कॉलर आयडी, आल्याची तारीख-वेळ आणि सेकंदांतला कालावधी दिसतो. त्यावरून निरोप ओळखा आणि ऑडिओ फाइल त्या माणसाला थेट पाठवा. चालू इनबॉक्समध्ये हाताने परत टाकायला जाऊ नका. त्या क्रमांकावर आज दुसराच निरोप असेल तर तो पुसला जाईल.

जागेची काळजी फार नको. साधी १६ बिटची, ८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मिनिटाला एक एमबीच्या जरा आत बसते. जीएसएम या दाबून लहान केलेल्या प्रकारात १०० केबीच्या आसपास. मात्र व्हॉइसमेल.कॉन्फमधल्या 'फॉरमॅट'च्या ओळीत तीन प्रकार लिहिलेले असतील तर प्रत्येक निरोप तीनदा साठतो. त्या तीन फाइल एकाच डिस्कवर असतात, त्यांना सुरक्षिततेत धरू नका. रेडलाही (एकच माहिती अनेक डिस्कवर ठेवायची सोय) नको.

रिस्टोअर करून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं मी म्हणत नाही. वेगळं व्हर्च्युअल मशीन घ्या, पण त्याचं बाहेरचं नेटवर्क आधी तोडा. नाहीतर ते त्याच ट्रंकच्या (फोन कंपनीशी जोडणाऱ्या लाइनच्या) लॉगिनने रजिस्टर होईल आणि ग्राहकांचे खरे कॉल तिकडे जाऊ लागतील. रिस्टोअर झाल्यावर फाइलची मालकी 'अ‍ॅस्टेरिस्क' युजरकडे आहे ना ते तपासा. सगळं रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य युजरच्या) नावावर राहिलं तर पेट्या दिसतात, नवा निरोप मात्र रेकॉर्ड होत नाही. मग कन्सोलवर 'व्हॉइसमेल शो यूजर्स' चालवून नव्या निरोपांचे आकडे मूळ सिस्टिमशी ताडा, एखाद्या फोनवरून पेटीत शिरा आणि निरोप कानाने ऐका.

देखभालीला फ्रीपीबीएक्सचं स्वतःचं बॅकअप मॉड्यूल वापराच. कॉन्फिगरेशन आणि डेटाबेस ते नीट उचलतं. निरोपांसाठी आरसिंक शेजारी चालू द्या. अ‍ॅडमिनचं पान इंटरनेटवर उघडं नको. पिन आणि एक्सटेन्शन क्रमांक एकच असलेल्या पेट्या आजच शोधून बदला. एखादा कर्मचारी गेला की एक्सटेन्शन काढण्याआधी त्याची पेटी वेगळी उतरवा, कारण एक्सटेन्शनबरोबर पेटीही जाते असं धरून चालणंच बरं. कंपनी पुढे सिस्को युनिटी कनेक्शनकडे (सिस्कोची व्हॉइसमेल यंत्रणा) जाणार असेल, तर तिथे डीआरएस ही बॅकअप-रिस्टोअरची सोय आहे, पण त्याचा रिस्टोअर त्याच व्हर्जनवर करावा लागतो आणि क्लस्टरचा सिक्युरिटी पासवर्ड लागतो. तिकडे गेलात की तो पासवर्ड पहिल्याच दिवशी सुरक्षित जागी नोंदवा. व्हर्जन बदलून माहिती हलवायला त्यांचं कोब्रास हे वेगळं साधन आहे.

प्रती एन्क्रिप्ट करा. त्यात ग्राहकांचे आवाज आहेत, कधी खाते क्रमांक, कधी आजारपणं. जुन्या प्रती किती दिवसांनी पुसायच्या हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, म्हणजे 'माझा निरोप काढून टाका' म्हणणाऱ्याला खरं उत्तर देता येईल.

एक गोष्ट तपासून कळवा: निरोपांचं स्टोरेज फाइलमध्येच आहे, की ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणी) किंवा आयमॅपवर (मेल सर्व्हरवर)? ओडीबीसी असेल तर निरोप डेटाबेसच्या टेबलात असतात आणि तुमचा आरसिंक आजवर जवळपास रिकामे फोल्डर उचलत आलाय. त्यानुसार क्रॉनची ओळ लिहून देतो.