काच पुन्हा उतरवण्याआधी: जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी कुठून शिरते ते शोधताना

आपण लिहिले आहे की 1990 च्या दशकातील एक पिकअप आपण कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या शेडमध्ये नव्याने उभी करीत आहात, मृगाच्या पहिल्या पावसापासून तिच्या डाव्या बाजूला पायाशी पाणी साचते, पुढच्या काचेचे रबर नवीन बसवून कडेने दोनदा सिलिकॉन भरले तरी ते थांबलेले नाही, आणि आता काच पुन्हा उतरवावी की काय, असा आपल्यापुढे प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, पाणी नेमके कोठून आत येते हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहत नाही तोपर्यंत काचेला हात लावू नये आणि कोठेही आणखी एक थेंबभर सिलिकॉन भरू नये.

हे मी ठामपणे सांगतो, कारण माझ्या गाडीवर याच चुकीत दोन पावसाळे गेले. पाणी डॅशबोर्डखालून टपकत होते, म्हणून काचेवर संशय होता. प्रत्यक्षात ते डाव्या दरवाजाच्या वरच्या पन्हळीतून, म्हणजे छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे जोडला जातो त्या सांध्यातून शिरत होते, काचेशेजारच्या पोकळ खांबातून खाली उतरत होते आणि तीन-साडेतीन फूट प्रवास करून मग पायाशी बाहेर पडत होते. पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून पाणी बरेच अंतर आडवे जाऊ शकते, वायरिंगच्या जुडीवरून दोरीवरून उतरावे तसे उतरते, आणि जेथे त्याला एखादा कंगोरा, स्क्रू किंवा वायरचा खाली झुकलेला भाग मिळतो तेथे थेंब होऊन पडते. थेंब पडण्याची जागा आपल्याला एवढेच सांगते की शिरण्याची जागा तिच्यापेक्षा वर आहे.

हत्यारे हातात घेण्याआधी काही गोष्टींची नोंद करावी. गाडी उभी असताना पाणी येते की फक्त चालवताना? फक्त चालवताना येत असेल, तर पुढच्या चाकाने उडवलेले पाणी मडगार्डच्या आतल्या सांध्यांतून किंवा इंजिन आणि केबिन यांमधल्या पडद्याच्या भोकांतून येत असण्याचा संभव मोठा. वळवाच्या वाऱ्यावादळासह आलेल्या पावसात गाडी गळते आणि झडीच्या संथ पावसात कोरडी राहते, तर दरवाजाची आणि काचेची रबरे आधी तपासावीत. उलट, झड लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दिसू लागते, तर सांध्यातून झिरपणे किंवा निचऱ्याची वाट तुंबणे हे कारण अधिक संभवते. गाडीचे तोंड चढाला असताना आणि उताराला असताना फरक पडतो का, हेही पाहावे. गाडीला हीटर असल्यास पाणी बोटांना बुळबुळीत लागते का, रंगीत आहे का आणि काचेवर आतून तेलकट धुके धरते का, ते बघावे. तसे असेल तर ते पावसाचे पाणी नसून रेडिएटरचे कूलंट आहे आणि दोष हीटरच्या नळीत किंवा जाळीत आहे. त्याची चव मात्र कधीही घेऊन पाहू नये, कारण कूलंटमधील ग्लायकोल विषारी असते.

किती पाण्याशी आपली गाठ आहे याचा अंदाज असलेला बरा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत साधारण दोन चौरस मीटर धरले, तर 50 मिलिमीटर पावसात त्यावर शंभर लिटर पाणी पडते आणि ते सारे पन्हळीतून, काचेवरून आणि काचेखालच्या जाळीतून वाट काढते. गगनबावड्याकडे जाणारी गाडी असेल तर अशा दिवसांची गणतीच नको. एवढ्या पाण्यातला शंभरावा हिस्सा जरी आत वळला, तरी मॅटिंगखाली लिटरभर पाणी होते.

आता गाडी उघडी करावी. सीट, मॅटिंग आणि त्याखालचा नमदा (दाबलेल्या धाग्यांचा जाड थर) पूर्ण काढावा, डॅशबोर्डखालचे पुठ्ठे काढावेत, आणि केबिन हॅलोजनच्या दिव्याने व पंख्याने दोन दिवस वाळवावी. पावसाळ्यात उन्हावर विसंबू नये. नमदा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तो तसाच ठेवला तर गळती थांबली तरी ती चालूच आहे असे वाटत राहते. याच वेळी आधीच्या मालकाला विचारावे की गाडी 2019 किंवा 2021 च्या महापुरात पाण्यात उभी होती का. पंचगंगेचे पाणी ज्या गाडीत शिरले तिच्या फूटबोर्डाखालच्या पोकळ भागात आणि दरवाजांच्या तळाशी बारीक गाळ बसलेला असतो, तो निचऱ्याची भोके बुजवतो आणि उन्हाळ्यातही ओल धरून पत्रा आतून खात राहतो. डॅशबोर्डच्या मागे मातीची आडवी रेघ दिसली, तर समजून घ्यावे.

पाण्याची चाचणी दोन माणसांनीच करावी, आणि याच टप्प्यावर बहुतेकांची घाई होते. एकाने बॅटरी (टॉर्च) घेऊन डॅशबोर्डखाली आडवे व्हावे, दुसऱ्याने बाहेरून साधी बागेची नळी धरावी. नळीला नोझल नको, जोर नको. पाणी पत्र्यावरून नुसते ओघळले पाहिजे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने ही चाचणी करू नये, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो आणि नसलेली गळती दाखवतो. सुरुवात नेहमी खालून करावी: आधी फूटबोर्डाचा सांधा, मग मडगार्ड आणि केबिन यांमधली फट, मग काचेखालची जाळी, मग काचेची खालची कड, बाजूच्या कडा, वरची कड, आणि सर्वांत शेवटी पन्हळ आणि छत. वरून सुरुवात केली की खालचे सगळे एकदम भिजते आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळत नाही. प्रत्येक जागी किमान दहा मिनिटे पाणी सोडावे, कारण सांध्यातून झिरपणारे पाणी पोकळी भरल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी पन्हळीवर पहिल्यांदा नळी धरली तेव्हा चार मिनिटांत हात काढून घेतला होता आणि तिला निर्दोष ठरवले होते. पुढच्या खेपेला बाराव्या मिनिटाला पहिला थेंब दिसला. आतल्या माणसाने त्याच्या समोरच्या कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर फुंकून ठेवावी; पाणी आले की पावडरीत स्वच्छ रेघ उमटते आणि ती रेघ वर धरत गेले की उगम सापडतो. आपल्याकडे गुलाल सहज हाताशी असतो, पण त्याचा डाग पत्र्यावरून आणि कापडावरून निघत नाही, तो वापरू नये.

आपल्या गाडीच्या बाबतीत माझा पहिला संशय काचेखालच्या जाळीवर आहे, कारण गाडी आधी वर्षभर गुलमोहराखाली उभी होती, असे आपण लिहिले आहे. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये बॉनेट आणि काच यांच्या मधल्या जाळीखाली आडवी पेटी असते. या पेटीत पावसाचे पाणी शिरावे, अशीच तिची रचना असते. हवा केबिनमध्ये जाते आणि पाणी पेटीच्या दोन टोकांना असलेल्या वाटांनी मडगार्डमागून खाली पडते. आंब्याफणसाची पाने जाळीवरच अडतात, ती हाताने काढता येतात. गुलमोहराची पाने मात्र इतकी बारीक असतात की ती जाळीतून आत जातात, कुजतात आणि तळाशी काळ्या चिखलाचा थर होतो. निचऱ्याची वाट बंद झाली की पेटी टबासारखी भरते आणि पाणी हवेच्या भोकावरून केबिनमध्ये सांडते. त्याहून वाईट असे की तो ओला थर महिनोन् महिने पत्र्याला चिकटून राहतो आणि पेटीच्या तळाला, विशेषतः कोपऱ्यांत, बारीक भोके पाडतो. म्हणून जाळीवर नळी धरा आणि खाली दोन्ही मडगार्डमागे पाणी पडते का ते पाहा. उजवीकडे धार लागली आणि डावीकडे नुसते ठिबकले, तर शोध तेथेच संपला असे समजायला हरकत नाही. वाट मोकळी करताना लोखंडी सळई घालू नये, कुजलेला पत्रा तिने फाटतो. जाड नायलॉनची दोरी किंवा जुनी स्पीडोमीटर केबल फिरवत घालावी आणि मग पाणी सोडावे. त्यानंतर पेटीच्या आत बॅटरी लावून, रात्रीच्या अंधारात केबिनमधून वर पाहावे. सुईएवढा प्रकाश दिसला तरी तेथे भोक आहे.

जाळी निर्दोष निघाली तर पुढे जावे. वायपरच्या दांड्यांभोवतीची रबरे वाळून तडकतात, ती स्वस्त आहेत, निमूटपणे बदलावीत. पडद्यातून जाणाऱ्या वायरिंगची, क्लचची आणि स्टिअरिंगची ग्रोमेट (भोकांत बसवलेली रबरी कडी) बोटाने दाबून पाहावीत. आणि वायरिंग आत येण्याआधी तिला बाहेरच खाली एक वाक द्यावा, म्हणजे पाणी त्या वाकावरून बाहेरच गळून जाते. दरवाजाची काच कधीच जलरोधक नसते; पाणी दरवाजाच्या आत जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडले पाहिजे आणि आतल्या पुठ्ठ्यामागे प्लॅस्टिकचा कागद असला पाहिजे. पुठ्ठा काढणारे बहुतेक कारागीर तो कागद फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. दरवाजाच्या रबरासाठी चौकटीवर खडू घासून दरवाजा लावावा. रबरावर जेथे खडू उमटला नाही, तेथे ते टेकत नाही. कॅरिअर किंवा अँटेनासाठी छताला पाडलेली जुनी भोके लांबी (पुट्टी) भरून झाकलेली असतात, ती रंगाखाली शोधावीत. आपली गाडी खते वाहत असे, हेही महत्त्वाचे आहे: पोटॅशसारख्या खतांतील क्षार पत्र्याला वेगाने खातात, त्यामुळे हौदा आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीचा खालचा सांधा खरवडून पाहावा, जरी पाणी पुढे दिसत असले तरी.

या सगळ्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, तरच काच उतरवावी. नव्या रबरातूनही पाणी येण्याचे नेहमीचे कारण रबर हे नसते. ज्या पत्र्याच्या कडेवर रबर चढते ती कड खालच्या कोपऱ्यांत गंजून वेडीवाकडी झालेली असते, आणि रबर तिला सरळ धरू शकत नाही. तेथे कितीही उत्तम रबर आणले तरी उपयोग नाही. कड कापून नवा पत्रा जोडावा लागतो.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. काचेच्या कडेला आपण भरलेले सिलिकॉन ब्लेडने संपूर्ण खरवडून काढा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज चढवते. त्याचा जरासा अंश राहिला तरी रंग त्यावर धरत नाही, खड्डे पडतात. भोकांवर नुसती लांबी भरून घेऊ नये, गाडीच्या हादऱ्यांनी ती सुटते आणि तिच्यामागे ओल कोंडते. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, तेवढाच जाड पत्रा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने लहान लहान टाके घालून जोडून घ्यावा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने एवढा पातळ पत्रा ओढला जातो आणि नवीच फट तयार होते. उद्यमनगरात हे काम मनापासून करणारे कारागीर आहेत, फक्त त्यांच्याजवळ उभे राहून घाई करू नये. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यात पॉलियुरेथेनचा सीम सीलर, आणि मग रंग, हा क्रम बदलू नये. पोकळ खांबांत आणि फूटबोर्डात शेवटी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत आतून गंज रोखणारे मेण) सोडावे, पण निचऱ्याची भोके मोकळी आहेत ना, हे वॅक्स सोडल्यानंतर पुन्हा तपासावे.

गणपतीआधी मॅटिंग टाकून गाडी रस्त्यावर काढायचा आपला विचार मला समजतो, तरी माझे सांगणे असे की सीट बसवा, गाडी चालवा, पण नमदा आणि मॅटिंग पुढच्या दोन-तीन झडी होईपर्यंत घरात ठेवा आणि उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरा. प्रत्येक पावसानंतर ते कागद उचलून ओल कोठे आहे ते पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा. जाळीवरच्या चाचणीत डाव्या मडगार्डमागे काय दिसले, ते कृपया येथे कळवा. त्यावरून पत्रा किती कापावा लागेल ते सांगता येईल.